टास्मानियाचा पूर्व किनारा: आधी टाक्या बघा, मग नकाशा

मंडळी, मेलबर्नचा मराठी माणूस टास्मानियाची सहल ठरवायला बसला की पहिल्यांदा अंतरं बघतो. होबार्ट ते डेव्हनपोर्ट जेमतेम 280 किलोमीटर, म्हणजे बेट चार दिवसांत उरकेल! कॅम्पर, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन जाणार असाल तर हा हिशेब फसतो. कुठे किती थांबायचं हे पाण्याची टाकी, संडासाची टाकी आणि बॅटरी ठरवतात.

सुरुवात फेरीपासून करू. डेव्हनपोर्टला जाणारी ही बोट ऑक्टोबर 2022 पासून पोर्ट मेलबर्नऐवजी गीलाँगहून सुटते. ताजी फळं-भाज्या नेता येत नाहीत. फळमाशी बेटावर शिरू नये म्हणून तपासणी होते. मिरच्या, कोथिंबीर, आलं घरीच ठेवा, भाजी डेव्हनपोर्टला घ्या. गॅस सिलिंडरवरच बंद करायचा, नुसती शेगडी बंद करून भागत नाही. प्रवासात गाडीच्या डेकवर जाता येत नाही, तेव्हा औषधं आणि स्वेटर आधीच वर न्या.

लाँसेस्टनहून सेंट हेलेन्सला जाताना वेल्डबरोचा घाट लागतो. वळणं अरुंद, चढ सलग. 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो वजन. ते घाटातून कशाला वाहायचं? डेव्हनपोर्टला पिण्यापुरतं घ्या आणि टाकी सेंट हेलेन्सला भरा. पुढे बे ऑफ फायर्सच्या किनाऱ्यावर कोझी कॉर्नर, स्विमकार्ट अशा जागी फुकट मुक्काम करता येतो, पण नळ नाही. काटकसरीने माणशी रोज 8 ते 10 लिटर लागतं, म्हणजे दोघांना 80 लिटर चार दिवस पुरतं. आपल्याकडची भांडी घासायची पद्धत चालवलीत तर दोनच दिवस. तेलकट ताटली आधी कागदाने पुसा, मग धुवा.

संडासाची पेटी साधारण 18 ते 20 लिटरची, दोघांना दोन-तीन दिवसांची. ती फक्त डंप पॉइंटवरच, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या जागीच, रिकामी करायची, झुडपात किंवा सार्वजनिक संडासात नाही. ओतताना हवेचं बटण दाबून धरा. हे बहुतेक जण विसरतात. मग आत हवा जात नाही, पेटी गुडगुडते आणि पायावर शिंतोडे येतात. दोनदा विसळून, थोडं पाणी आणि ठरलेलं रसायन घालून मगच परत बसवा.

आता बॅटरी. 100 अँपिअर-अवरच्या एजीएम (बंदिस्त शिसे-आम्ल) बॅटरीतले निम्मेच वापरायचे, नाहीतर ती लवकर मरते. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज दिवसाला 30 ते 40 अँपिअर-अवर खातो, वर दिवे आणि फोन. म्हणजे ऊन नसलं तर एक दिवस, फार तर दीड. इन्व्हर्टरवर 2000 वॉटची किटली लावली की 12 व्होल्टच्या बाजूने 160 अँपिअरहून जास्त खेचते. चहा गॅसवरच करा. सोलर पॅनल वाकवून ठेवायचं असेल तर तोंड उत्तरेला. भारतातल्या सवयीने हात दक्षिणेकडे वळतो, पण इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सावलीसाठी निलगिरीखाली गाडी लावू नका: पॅनलला ऊन मिळत नाही आणि फांद्या पूर्वसूचना न देता पडतात.

कॅरव्हॅन पार्कात वीज घेताना 15 अँपिअरची कॅरव्हॅन केबल लागते. तिच्या प्लगची अर्थची पट्टी रुंद असते, घरच्या 10 अँपिअरच्या सॉकेटात ती जातच नाही. पट्टी घासून बसवणारे महाभाग असतात. ते करू नका, घरची वायर तापते.

सेंट हेलेन्सहून बिशेनोला स्कमँडरवरून किनाऱ्याकिनाऱ्याने जा, एलिफंट पासचा घाट टाळा. अंतर तासाभराचंच आहे, पण संध्याकाळी निघू नका. अंधार पडू लागला की वॉलबी (छोटे कांगारू) आणि वॉम्बॅट रस्त्यावर येतात. रात्रीसाठी 65च्या वेगाच्या सूचना लावलेल्या दिसतील. वॉम्बॅट म्हणजे ठेंगणा, घट्ट दगडच, बंपर आणि रेडिएटर दोन्ही जातात. जूनमध्ये पावणेपाचलाच मावळतं, तेव्हा चारपर्यंत गाडी जागेवर हवी. भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्याबद्दलची अट करारात वाचा. बरेच विमे तिथे लागू होत नाहीत.

फ्रेसिनेला राष्ट्रीय उद्यानाचा पास लागतो. ऐन उन्हाळ्यात आणि ईस्टरला तिथल्या कॅम्पच्या जागा सोडतीने देतात, आयत्या वेळी मिळत नाहीत. जागा नसली तर बिशेनोला मुक्काम करून उद्यानातल्या वाइनग्लास बेच्या पायवाटेसाठी सकाळी लवकर निघा. माणसांनी भरलेला किनारा बघण्यापेक्षा ते बरंच.

परतीला होबार्टहून डेव्हनपोर्ट साडेतीन तासांचं, तरी अर्धा दिवस राखून ठेवा. फेरीचं चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं. घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुणं, कारण किनाऱ्याचा खार चॅसिसच्या सांध्यांत बसतो. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करा. फ्रिज बंद करून पुसा आणि दाराला फडका अडकवून ते किंचित उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते.