विशेष पथक पोहोचायच्या आधी काय?

नमस्कार. २० मार्च १९९५. सोमवारची सकाळ, टोकियोची भुयारी रेल्वे, ऑफिसला निघालेल्यांची गर्दी. ओम शिनरिक्यो या पंथाच्या पाच जणांनी पाच गाड्यांमध्ये सरिनच्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवल्या, टोकं घासून धारदार केलेल्या छत्र्यांनी त्या भोसकल्या आणि ते उतरून गेले. सरिन म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष. असतं द्रव, पण त्याची वाफ होते आणि श्वासावाटे शरीरात जाते.

त्या दिवशी सेंट ल्यूक्स या एकट्या रुग्णालयात ६४० माणसं आली. काही अ‍ॅम्ब्युलन्समधून, काही टॅक्सीतून, कित्येक चक्क चालत. नेमकं काय झालंय ते कुणालाच माहीत नव्हतं. सुरुवातीला तर भलत्याच रसायनाचं नाव कळवण्यात आलं होतं. त्यामुळे दारात कुणालाही थांबवलं गेलं नाही, कुणाचे कपडे उतरवले गेले नाहीत. कपड्यांत मुरलेलं सरिन रुग्णालयाच्या आत आलं आणि तिथे त्याची वाफ होत राहिली. पुढे ४७२ कर्मचाऱ्यांनी प्रश्नावली भरून दिली, त्यातल्या ११० जणांनी स्वतःला त्रास झाल्याचं नोंदवलं. डोळे दुखणं, अंधूक दिसणं, डोकं ठणकणं. यांना विष लागलं ते रुग्णालयातच.

आजचा विषय आहे रासायनिक, जैविक, किरणोत्सारी आणि आण्विक संकटांसाठी बचाव करणाऱ्यांची तयारी. या क्षेत्रातले लोक याला सीबीआरएन म्हणतात. हा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतात ते डोक्यापासून पायापर्यंत सूट घातलेले जवान. ते हवेतच, त्यांचं काम फार अवघड आहे. पण ते येईपर्यंत वेळ जातो, आणि रासायनिक घटनेत माणसं जगतात की मरतात हे बहुतेक वेळा त्याच वेळात ठरतं. तेव्हा तिथे कोण असतं? गस्तीवरचा हवालदार, अ‍ॅम्ब्युलन्सचा चालक, रुग्णालयाच्या दारावरचा सुरक्षारक्षक. प्रशिक्षणाचा पहिला पैसा आणि पहिला तास यांच्यावर खर्च व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

यांना शिकवायचं काय? आधी थांबायला शिकवायचं. धावत जाऊन मदत करणं हे या माणसांच्या रक्तातच असतं, म्हणून थांबणं हीच सगळ्यात कठीण गोष्ट ठरते. ब्रिटनच्या आपत्कालीन सेवांमध्ये एक साधा नियम शिकवतात. कारण कळत नसताना एक माणूस कोसळलेला दिसला, तर नेहमीसारखं जा. दोन दिसले, तर जपून जा. तीन किंवा जास्त दिसले, तर थेट आत घुसू नका, मागे सरका आणि कळवा.

[पडद्यावर: १ – २ – ३]

मग नजर हवी. एकाच ठिकाणी अनेकांना एकाच वेळी तोच त्रास. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, नाका-तोंडातून पाणी, श्वास अडकणं, झटके. ही मज्जासंस्थेवरच्या विषाची खूण. त्यावर अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम ही औषधं आहेत, पण ती वेळेत मिळायला हवीत, म्हणजे रेडिओवर पहिला निरोप नीट गेला पाहिजे. "खूप लोक बेशुद्ध आहेत" एवढ्याने भागत नाही. लक्षणं कोणती, वारा कुठून कुठे वाहतोय, माणसं कुठल्या बाजूला पळतायत, येणाऱ्या गाड्यांनी कुठून यायचं, हे सगळं त्यात हवं. गाड्यांनी यायचं वारा जिकडून येतोय त्या बाजूने आणि जमलं तर उंचावरून. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो, तो सखल जागी आणि तळघरात साचतो. टँकरवर चार आकडी क्रमांक असतो, तो दुर्बिणीतून वाचता येतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया. तो आकडा कळवला की पुढचा किती गोंधळ वाचतो!

आणि हो, कुठल्या कारखान्यात काय साठवलेलं आहे, हे घटना घडल्यावर शोधायची गोष्ट नाही. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री हजारो माणसं गुदमरत, डोळे चोळत रुग्णालयांत आली, तेव्हा समोरच्या डॉक्टरांकडे त्या वायूबद्दल पुरेशी माहिती नव्हती. ती माहिती आधीच त्यांच्या हाताशी असणं हासुद्धा तयारीचाच भाग आहे.

आता कपड्यांकडे येऊ, कारण इथे सगळ्यात जास्त जीव वाचतात आणि याचाच सराव सगळ्यात कमी होतो. अंगावरचे बाहेरचे कपडे काढले की अंगावरच्या विषाचा बराच मोठा भाग त्यांच्याबरोबर जातो. यासाठी तंबू लागत नाही, यंत्र लागत नाही. कपडे डोक्यावरून ओढायचे नाहीत, पुढून कापायचे किंवा बटणं काढून मागे सोडायचे, नाहीतर तेच विष चेहऱ्यावरून फिरतं. त्वचेवर द्रव असेल तर आधी कोरड्या कागदाने किंवा कापडाने टिपून घ्यायचा, घासायचा नाही. त्वचा जळत असेल, आग होत असेल, तर मात्र लगेच भरपूर पाणी.

हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात घाबरलेल्या दोनशे माणसांना भर रस्त्यात कपडे काढायला सांगायचं असतं. एखादी बाई कुणासमोर काढेल? लहान मूल आईपासून वेगळं करायचं का? ज्यांना ऐकू येत नाही, भाषा कळत नाही, जे व्हीलचेअरवर आहेत, त्यांचं काय? पाकीट, फोन, मंगळसूत्र कुणाच्या ताब्यात द्यायचं? मी तर म्हणेन, खरी परीक्षा हीच आहे. आडोसा, अंगावर घ्यायला चादरी, नाव लिहिलेल्या पिशव्या, आणि "हे का करतोय" ते शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगणारा एक माणूस. हा माणूस नसेल तर लोक रांग मोडतात आणि तसेच घरी जातात. घरी विष घेऊन जातात.

सूटबद्दल थोडक्यात. पूर्ण बंद सूट आणि पाठीवर हवेचं सिलिंडर असलं की आतला माणूस सुरक्षित असतो, पण उष्णतेने थकून जातो, आणि सिलिंडरची हवा काही तासांची नसते. जाड रबरी हातमोजे घालून शिरेत सुई लावून बघा म्हणजे कळेल. म्हणून सगळा सराव सूट घालूनच व्हायला हवा. आणि जास्त धोका सूट काढताना असतो, कारण तेव्हा माणूस दमलेला असतो आणि बाहेरची बाजू हाताला लागते. एकाने काढायचं, दुसऱ्याने पायरी-पायरीने वाचून दाखवायचं. अमेरिकेत अ‍ॅलाबामा राज्यात अ‍ॅनिस्टनला एक केंद्र आहे, तिथे पोलीस आणि डॉक्टरांसारख्या नागरी सेवांतल्या लोकांना बंदिस्त इमारतीत खऱ्या विषारी रसायनांसोबत सराव देतात. आपल्या सूटवर विश्वास बसतो तो अशा ठिकाणी.

जैविक धोक्याची गोष्टच वेगळी, कारण तिथे घटनास्थळच नसतं. कुणी कोसळत नाही, सायरन वाजत नाही. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जिवाणूंची पावडर पाठवली गेली, तेव्हा पहिला रुग्ण ओळखला गेला तो फ्लोरिडातल्या रुग्णालयात, पाठीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवात जिवाणू दिसले म्हणून. एकूण २२ जण आजारी पडले, ५ जण गेले. त्यांत वॉशिंग्टनच्या टपाल केंद्रातले दोन कामगार होते. बंद पाकिटातून काही बाहेर येणार नाही असा समज होता, पण यंत्रांच्या दाबाने त्या जिवाणूंचे सूक्ष्म कण, म्हणजे बीजाणू, कागदातून बाहेर पडले. म्हणजे या लढाईत पहिली फळी असते ओपीडीतला डॉक्टर आणि प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. "हे नेहमीचं दिसत नाही" असं वाटलं तर मध्यरात्री फोन कुणाला करायचा, तो क्रमांक त्यांच्यासमोर भिंतीवर हवा.

किरणोत्साराची भीती सगळ्यात मोठी आणि बरीचशी अज्ञानातून आलेली. शरीरातून किरण आरपार गेले म्हणून माणूस स्वतः किरणोत्सारी होत नाही. अंगावर किरणोत्सारी धूळ बसली असेल, तर ती कपडे काढून आणि धुऊन बरीचशी जाते. त्यामुळे रक्तस्राव होणारा रुग्ण समोर असेल तर आधी रक्त थांबवायचं, मोजणी नंतर. मास्क, हातमोजे आणि गाऊन घालून हे करता येतं. स्वतःसाठी तीन गोष्टी: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. एखाद्या लहानशा स्रोतापासून दोन मीटरऐवजी चार मीटरवर उभे राहिलात तर मात्रा चौथ्या हिश्शावर येते. पण खिशात डोसमीटर, म्हणजे अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारं यंत्र, हवंच. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ च्या रात्री गेलेल्या अग्निशामकांना आपण किती किरणोत्सारात उभे आहोत याचा अंदाजच नव्हता. ते आणि प्रकल्पातले कर्मचारी मिळून २८ जण पुढच्या काही महिन्यांत किरणोत्साराच्या आजाराने गेले.

दुसरी बाजू ब्राझीलच्या गोयानियाची. १९८७ मध्ये बंद पडलेल्या उपचार केंद्रातलं सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य भंगारात गेलं. चौघांचा जीव गेला. तपासणीसाठी स्टेडियममध्ये सुमारे १ लाख १२ हजार माणसं आली, प्रत्यक्षात दूषित निघाली २४९. बाकीच्यांना काही झालं नव्हतं, पण त्यांची भीती खरी होती, आणि त्यांना तपासायलाही माणसं, यंत्रं आणि जागा लागली. आराखड्यात हे लोक धरलेलेच नसतील तर दवाखाने त्यांच्याच गर्दीने बंद पडतील.

अणुस्फोट झालाच, तर बचाव करणाऱ्यांनाही आधी पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा लागतो. खाली पडणाऱ्या धुळीचा किरणोत्सार वेळ सातपट झाली की साधारण दहाव्या हिश्शावर येतो. पहिल्या तासाला जेवढा, त्याच्या दहावा हिस्सा सात तासांनी आणि शंभरावा हिस्सा दोन दिवसांनी. घाईने बाहेर पडलेलं पथक ना स्वतःला वाचवतं, ना इतरांना.

आता सरावाबद्दल. तारीख आधी जाहीर करून, सकाळी दहा वाजता, पाहुण्यांसमोर झालेल्या सरावातून फारसं काही कळत नाही. रात्री तीनला, न सांगता करा. दारावरच्या रक्षकासमोर पाच "रुग्ण" चालत पाठवा आणि घड्याळ लावा. तो दार बंद करतो का? कुणाला फोन करतो? बाहेरच्या नळाला पाणी आहे का, सूटच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, अ‍ॅट्रोपिनच्या साठ्याची मुदत कधी संपते? जे सापडेल ते लिहून काढा, प्रत्येक त्रुटीपुढे ती दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला, आणि त्या तारखेनंतर तोच सराव दुसऱ्या पाळीवर घ्या.