दाजींचं लँडिंग

नमस्कार श्रोतेहो! सध्या ठाणे-नवी मुंबईत नवीनच खूळ आहे, उलव्याच्या नव्या विमानतळापाशी जाऊन विमानं बघायची. 25 डिसेंबर 2025 ला तिकडून उड्डाणं सुरू झाली आणि आमच्या सोसायटीतलं शेंबडं पोरगंही आता सांगतं, ते बघ टच डाऊन. पण तिथली धावपट्टी 3700 मीटरची आहे हो, मी आज सांगतोय ते छोट्या, हौशी विमानाबद्दल, मायक्रोलाइट म्हणतात त्याला, दोन सीटचं, माणसं-पेट्रोल धरून वजन साधारण साडेचारशे किलो. म्हणजे आमच्या घोडबंदर रोडवरच्या रिक्षाचा जरासा मोठा भाऊ, फक्त रिक्षाला खड्डे जास्त लागतात, त्यावर एकदा वेगळं बोलायला हवं खरं तर, असो.

तर आमचे दाजी, ऐरोलीला राहतात, रिटायर झाल्यावर त्यांनी हे शिकायचं मनावर घेतलं. एकदा मी सोबत गेलो. घाटावरची लहानशी धावपट्टी, कडेला बाभळी, एक पत्र्याची शेड आणि खांबावर तो केशरी कापडी मोजा असतो ना, वारा दाखवणारा, विंडसॉक, तो. माझ्या एका हातात ताईने दिलेला डबा, दुसऱ्यात मोबाइल, कारण ताईची ऑर्डर होती, व्हिडिओ काढ. दाजी एकटेच वर गेले होते.

परत आले ते जरा जास्तच वेगात. आता बघा, जमिनीच्या अगदी जवळ आलं की पंखाखालची हवा विमानाला जणू उशी देते, त्यात वेग जास्त असला तर ते खाली बसतच नाही, तरंगत राहतं. धावपट्टी संपत चालली म्हणून दाजींनी ते जबरदस्तीने टेकवलं. विमानाने उसळी मारली. इथे काय करायचं? नीट ऐका. उसळी मारली की स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा, ती पुढे ढकलायची नाही. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, पूर्ण द्यायचा, नाक आहे तिथे सांभाळायचं आणि परत वर, गो अराउंड. ढकलायची नाही, परत सांगतो. पण घाबरलेला हात नेमका ढकलतोच. दाजींनी ढकलली, पुढचं चाक आधी आपटलं, दुसरी उसळी आणखी उंच, पुन्हा ढकलली, आणि तिसऱ्या वेळी पुढच्या चाकाची दांडीच मोडली, नाक खाली, नाकावरचा फिरता पंखा डांबराला लागून तड-तड-तड तुकडे उडाले.

मी पळालो. लोकांना मी नेहमी नावं ठेवतो, अपघात झाला की मोबाइल काढून उभे राहतात मेले, पण श्रोतेहो, माझाही मोबाइल चालूच होता! त्या व्हिडिओत फक्त आभाळ, माझी चप्पल आणि मी ओरडतोय, दाजी, उतरा, उतरा.

दाजींनी मात्र एक काम चोख केलं, पेट्रोलचा कॉक बंद, इग्निशनची दोन्ही बटणं बंद, मग बेल्ट, मग बाहेर. ह्याच क्रमाने. कोपराला खरचटलेलं, बाकी काही नाही. ते धडपडत आले आणि त्यांनी पहिलं काय विचारलं, विंडसॉक कुठे बघतोय? वारा आडवा होता हो. सकाळी शांत असतं, दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो.

आता गंमत म्हणजे अपघात झाला की विमान जागचं हलवायचं नसतं, आधी वर कळवायचं. आणि पंखा आपटला म्हणजे नुसता पंखा बदलून भागत नाही, इंजिनही उघडून बघावं लागतं, बाहेरून कितीही ठणठणीत दिसू दे. शिकवणारे सर फोनवर लागले, एकाला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं, आणि आम्ही दोघं बाभळीखाली बसलो, समोर ते नाक टेकलेलं विमान. माझ्या पळण्यात आमटी सगळी सांडलेली, दाजींनी कोरडी थालीपीठंच खाल्ली, हात थरथरत होते पण चारही संपवली. त्यात ताईचा फोन.

जेवलात का?

हो, जेवलो.

लँडिंग कसं झालं?

दाजींनी माझ्याकडे बघितलं, विमानाकडे बघितलं आणि म्हणाले, तीनदा झालं.