रवंथाची मुदत

(दृश्य: शेताचं लोखंडी फाटक. त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधलेली नोटीस. पिशवीच्या आत पावसाचं पाणी साचलेलं.)

वेल्सच्या वायव्येला समुद्रात शिरलेली एक चिंचोळी जमीन आहे. तिचं नाव ल्लीन. हा 'ल्ल' मराठी जिभेला नवा आहे. जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि कंठातून आवाज न काढता बाजूने नुसती हवा सोडायची. इथल्या मुलांच्या तोंडात तो बोलायला लागल्यापासूनच बसतो. मोठेपणी इथे राहायला आलेल्यांना मात्र त्याची बरीच तालीम करावी लागते.

या भागात एखाद्या दिवशी शेताच्या फाटकावर अशी नोटीस लागते. अमुक जमिनीवर इतकी घरं बांधायची परवानगी मागितली आहे, काही म्हणायचं असेल तर एकवीस दिवसांत कळवा. तेच वेल्शमध्ये आणि तेच इंग्रजीत. कुत्र्याला फिरवायला निघालेली बाई थांबते, वाचते. संध्याकाळपर्यंत गावात दोन बाजू झालेल्या असतात. कधीकधी तिच्या स्वतःच्या घरातही. कारण तिच्या मुलाला लग्न करून याच गावात राहायचंय, आणि त्याच्या पगारात इथे घर मिळत नाही.

घरं हवीतच. पण ती बांधली की गावाची बोली टिकेल का? हा प्रश्न घेऊन वेल्समधली माणसं गेली कित्येक वर्षं आपापल्या काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, दारात उभी आहेत.

(दृश्य: कायर्नार्व्हनचा किल्ला, मग मागची अरुंद गल्ली. दुकानात दोन बायका वेल्शमध्ये बोलतायत.)

आधी आकडे पाहू, कारण सगळा वाद तिथूनच सुरू होतो. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या ५ लाख ३८ हजार लोकांनी वेल्श येत असल्याचं सांगितलं. लोकसंख्येच्या १७.८ टक्के. दहा वर्षांपूर्वी हेच प्रमाण १९ टक्के होतं. आपण आत्ता जिथे आहोत, त्या ग्विनेद जिल्ह्यात वेल्शचा जोर सगळ्यात जास्त आहे. पण तिथेही २००१ साली ६९ टक्के लोक वेल्श बोलत, २०११ मध्ये ६५.४, आणि आता ६४.४.

चौसष्ट टक्के म्हणजे चांगलं बहुमत, मग चिंता कसली, असं वाटू शकतं. थोडं गणित करून पाहा. भाषेवर काम करणारे लोक सत्तर टक्क्यांची रेघ मानतात. त्या रेघेवरच्या गावात दोन अनोळखी माणसं भेटली, तर दोघांनाही वेल्श येत असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. पाच जणांचा घोळका धरला, तर सगळ्यांना येत असण्याची शक्यता सहात एक. आणि घोळक्यातल्या एकाला जरी येत नसेल, तरी सभ्यपणे सगळेच इंग्रजीवर येतात. कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नसते. शिष्टाचार पाळता पाळताच भाषा मागे सरते. सत्तर टक्क्यांच्या वर वेल्श बोलणारे प्रभाग २००१ साली ५४ होते. २०११ मध्ये ३९ उरले.

म्हणून इथे वीस घरं म्हणजे नुसती वीस घरं नसतात. तीनशे लोकांच्या गावात वीस नवी कुटुंबं आली, आणि ती कुठून आली यावर शाळेच्या मैदानात खेळ कोणत्या भाषेत रंगणार ते ठरतं.

(दृश्य: ल्लिन केलिन जलाशय. पाणी स्थिर. काठावर दगडी स्मारक.)

बाला गावाजवळचं हे पाणी पाहिल्याशिवाय या वादातली धग कळत नाही. याच्या तळाशी कापेल केलिन नावाचं गाव आहे. प्रार्थनाघर, शाळा, टपालघर आणि शेतवाड्या. गाव वेल्शभाषक होतं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. इथल्या स्थानिक संस्थांकडे परवानगी मागायची वेळच येऊ नये, म्हणून लिव्हरपूल थेट लंडनच्या संसदेत गेलं आणि १९५७ मध्ये स्वतंत्र कायदा करून घेतला. वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नाही. तरी कायदा झाला. १९६५ मध्ये खोरं भरलं. ६७ रहिवाशांपैकी ४८ जणांची घरं गेली. लिव्हरपूलच्या काउन्सिलने माफी मागितली ती २००५ साली.

ल्लानरस्तिदजवळ रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर आजही रंगवलेलं आहे, 'कोव्हिउख द्रवेरिन'. त्रवेरिन विसरू नका. त्रवेरिन हे त्या खोऱ्याचं नाव. मला या दोन शब्दांत गाव बुडाल्याचं दुःख जेवढं दिसतं, तेवढीच आपल्याला कुणी विचारलंच नाही ही सल दिसते. आज निदान विचारलं जातं. म्हणूनच काउन्सिलच्या नियोजन समितीची बैठक इथे लोकांना इतकी महत्त्वाची वाटते.

(दृश्य: कायर्नार्व्हन. काउन्सिलचं सभागृह, अर्धगोलाकार बाकं, प्रत्येक जागी माइक.)

ग्विनेद काउन्सिलचा अंतर्गत कारभार वेल्शमध्ये चालतो. सभागृहात काउन्सिलर वेल्शमध्ये बोलतात, आणि ज्याला ती येत नाही तो कानाला हेडफोन लावून इंग्रजी अनुवाद ऐकतो. वेल्समध्ये बहुतेक ठिकाणी याच्या उलट असतं, कामकाज मुख्यतः इंग्रजीतच चालतं.

घरांच्या अर्जावर निर्णय घ्यायची पद्धत अशी. नियोजन अधिकारी अहवाल मांडतात, शेवटी शिफारस असते, मंजूर करा किंवा नामंजूर करा. हरकत घेणाऱ्याला बोलायला काही मिनिटं मिळतात, बिल्डरच्या बाजूलाही तेवढीच. त्या भागाचा काउन्सिलर बोलतो. मग हात वर होतात.

अधिकाऱ्यांची शिफारस एक आणि काउन्सिलरांचा कौल दुसरा, असं झालं की पेच पडतो. नकाराला पुरावा लागतो. बिल्डर अपिलात गेला तर कार्डिफहून, म्हणजे वेल्श सरकारकडून, नेमलेला निरीक्षक तो पुरावा तपासतो, आणि काउन्सिल अवाजवी वागलं असं ठरलं तर खर्चही काउन्सिलच्या डोक्यावर बसू शकतो. म्हणून अशा वेळी विषय लगेच निकाली न काढता पुढे ढकलतात, सगळ्यांना शांत डोक्याने पुन्हा विचार करायला वेळ देतात. इंग्रजीत याला थंड होण्याचा काळ म्हणतात. वेल्श शब्द आहे 'क्नोइ किल'. त्याचा सरळ अर्थ रवंथ करणं. गाय चघळते तसा घास पुन्हा तोंडात आणून चघळायचा. शेतकऱ्यांच्या भाषेतला शब्द सरकारी कार्यपद्धतीत तसाच राहिला आहे, आणि तो ऐकला की या सभागृहाची नाळ कुठे जुळलेली आहे ते कळतं.

पण रवंथ करायला घास तरी हवा ना. भाषेवरच्या परिणामाचा पुरावा कसा द्यायचा? रस्त्यावर गाड्या किती वाढतील ते मोजता येतं. सांडपाण्याची वाहिनी पुरेल का, तेही मोजता येतं. अजून न बांधलेल्या घरात कोण राहायला येईल आणि ते मुलांशी कोणत्या भाषेत बोलेल, हे कोण सांगणार?

कायदा इथपर्यंत आला आहे. वेल्सच्या २०१५ च्या नियोजन कायद्याने पहिल्यांदा स्पष्ट केलं, की परवानगी देताना वेल्श भाषेवरचा परिणाम विचारात घेता येतो. पण दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, वेल्श सरकारच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या आणि त्यांत म्हटलं, की भाषेचा विचार मुख्यतः विकास आराखडा बनवताना करावा. प्रत्येक अर्जाच्या वेळी वेगळं मूल्यमापन करू नये. अपवाद फक्त आराखड्यात नसलेल्या मोठ्या प्रकल्पांचा, तोही भाषेच्या दृष्टीने नाजूक भागात.

माझं दुखणं इथे आहे. ग्विनेद आणि शेजारच्या अँगलसी बेटाचा संयुक्त आराखडा त्याच २०१७ च्या जुलैत मंजूर झाला. त्यात २०२६ पर्यंत ७,१८४ घरांची तजवीज होती. एवढ्या मोठ्या नकाशावर भाषेचा परिणाम तपासायचा म्हणजे विमानातून शेतातलं पीक पाहण्यासारखं आहे. गल्लीच्या टोकाला अठरा घरांची नोटीस लागते, तेव्हा माणसाला प्रश्न पडतो. आणि तेव्हा उत्तर मिळतं, याचा विचार आराखड्यात झालेला आहे.

आराखड्यात भाषेसाठी धोरण आहे, हे नाकारत नाही. गावाच्या भाषिक समतोलाला मोठी इजा होत असेल आणि ती टाळता येत नसेल, तर नकार द्यावा असं ते म्हणतं. नव्या वसाहतींना, रस्त्यांना वेल्श नावं असावीत असंही म्हणतं. नावं असावीतच. पण पाटी वाचणाऱ्याला तिचा अर्थ कळला तरच ते नाव जिवंत.

(दृश्य: बोतुन्नोग. शाळेची बस. मुलं उतरतायत.)

ल्लीनमधलंच हे बोतुन्नोग. गाव लहान, पण शाळा जुनी. बँगरचे बिशप हेन्री रोलंड्स यांनी १६१६ मध्ये मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून ती उभी राहिली. आजही आसपासच्या खेड्यांतली मुलं माध्यमिक शिक्षण इथे वेल्शमधून घेतात. या गावासाठी अठरा घरांचा प्रस्ताव आला. सुट्टीत येणाऱ्यांचे बंगले नव्हेत, परवडणारी घरं. आणि समितीने भाषेला धोका आहे म्हणून तो नाकारला.

बाहेरून पाहणाऱ्याला हे उफराटं वाटेल. परवडणारी घरं नाहीत म्हणून तर तरुण गाव सोडतात! पण विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही ऐका. एवढ्या लहान गावात एकदम अठरा घरं. तेवढी गरजू कुटुंबं गावात नसली, तर घरं रिकामी ठेवत नाहीत. वाटपाचं वर्तुळ मोठं होत जातं, शेजारचं गाव, मग तालुका, मग जिल्हा. प्रस्तावाची बाजू मांडणारेही तितक्याच तळमळीने सांगतात, की प्रतीक्षायादीतली माणसं आपलीच आहेत, त्यांना अडवून भाषा कशी वाचणार?

मला दोन्ही बाजूंना एकच भीती दिसते. एकाला वाटतं घर बांधलं तर गाव हातचं जाईल, दुसऱ्याला वाटतं नाही बांधलं तर जाईल. अठराऐवजी सहा घरं बांधली असती, त्यांतली दोन-दोन दर काही वर्षांनी, गावातल्या लग्नांच्या वेगाने, तर? हे विचारायला अर्जात जागाच नसते. अर्ज अठरांचा असतो, समितीने हो म्हणायचं किंवा नाही.

मोठ्या प्रकल्पांत चित्र जास्त स्पष्ट असतं. बँगर शहराच्या कडेला, पेनरोसगार्नेदमध्ये एका कंपनीला ३६६ घरं बांधायची होती. काउन्सिलने परवानगी नाकारली, भाषेचाही मुद्दा त्यात होता, आणि प्रकरण अपिलात गेलं. दक्षिणेला कार्मार्दनशरमध्ये आमानफर्डजवळ सुमारे तीनशे घरांना मात्र तिथल्या काउन्सिलने मंजुरी दिली. वेल्श भाषा संघटना, कमदेइथस अर याइथ, १९६२ पासून लढते आहे. तिने या मंजुरीविरुद्ध आवाज उठवला. त्या जिल्ह्यात २००१ साली निम्मे लोक वेल्श बोलत. २०२१ मध्ये ३९.९ टक्के.

(दृश्य: आबेरसोख. हिवाळा. समुद्राकडे तोंड केलेल्या घरांची बंद शटर्स.)

नवी घरं बांधण्याचा वाद चालू असताना जुनी घरं मात्र नोटिशीशिवाय हातातून गेली. आबेरसोख उन्हाळ्यात गजबजतं. हिवाळ्यात खिडक्यांत दिवे मोजून घ्यावेत. सुट्टीपुरती येणारी माणसं घरं घेतात, किमती चढतात. ग्विनेद काउन्सिलच्या हिशोबाने जिल्ह्यातल्या ६५.५ टक्के लोकांना खुल्या बाजारात घर घेणं परवडत नाही. आबेरसोखची प्राथमिक शाळा डिसेंबर २०२१ मध्ये पटसंख्येअभावी बंद झाली. ती बंद करणारंही काउन्सिलच होतं, आणि गावकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला.

मग काउन्सिलने हत्यारं शोधली. दुसऱ्या घरांवर २०२३ पासून दीडशे टक्के जादा घरपट्टी. आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्श सरकारने नियमांत राहतं घर, दुसरं घर आणि पर्यटकांना भाड्याने द्यायचं घर असे तीन वेगळे वर्ग केले. त्याचा आधार घेऊन ग्विनेदने १ सप्टेंबर २०२४ पासून ठरवलं, की राहत्या घराचं सुट्टीचं घर करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. संपूर्ण नियोजन क्षेत्राला असा नियम लावणारं वेल्समधलं हे पहिलं काउन्सिल.

याला विरोध करणाऱ्यांत बाहेरचेच होते असं समजू नका. स्थानिक वेल्शभाषक घरमालकही होते. आयुष्यभराची कमाई या घरात आहे, नियमामुळे किंमत पडली तर आम्ही काय करायचं, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. ते न्यायालयात गेले. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल काउन्सिलविरुद्ध लागला. निर्णय घेणाऱ्या सदस्यांपुढे ठेवलेल्या अहवालात, परवानगी नेमकी कधी लागते याची मांडणी दिशाभूल करणारी होती, असं न्यायाधीशांनी म्हटलं. हेतूबद्दल नव्हे, कागदाबद्दल.

एका अहवालातल्या काही वाक्यांवर एवढं अडलं. म्हणून सभागृहातल्या त्या बाकांवर बसणाऱ्या माणसांकडे मी आदराने पाहतो. त्यांतले कुणी शेती करतात, कुणी निवृत्त शिक्षक असतात. शेकडो पानांचे अहवाल रात्री वाचून येतात. आपण ज्याला नकार दिला तो तरुण उद्या पेट्रोल पंपावर भेटणार आहे, हे त्यांना माहीत असतं.

(दृश्य: पुन्हा ते फाटक. नोटिशीच्या पिशवीत हात घालून कुणीतरी कागद सरळ करतंय.)

वेल्शमध्ये घराला 'ती' म्हणतात. 'ती हाव' म्हणजे उन्हाळ्यातलं घर, सुट्टीतलं. बारा महिने राहायच्या, ज्यात चूल पेटलेली असते त्या घराला वेगळा शब्द आहे, 'कार्त्रेव्ह'.

फाटकावरच्या कागदात घरांची संख्या आहे. खोल्या किती, गाड्या लावायच्या जागा किती, पाण्याची वाट कुठून, सगळं दिलेलं आहे. बाई दोन्ही भाषांतला मजकूर वाचून संपवते. घरी जाऊन मुलाला फोन लावते. शेवटच्या तारखेला अजून एकोणीस दिवस आहेत.