ओल लागलेला अल्बम

(पडद्यावर: माळ्यावरून उतरवलेली लोखंडी पेटी. झाकण करकरत उघडतं. जुनी धोतरं, वर्तमानपत्राचा पिवळा कागद, तळाशी हिरव्या कापडी पाठीचा एक अल्बम.)

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पाऊस गेला आणि उकाडा सुरू झाला. कोकणातल्या घरांत हे दिवस कपाटं उपसायचे. रेशमी साड्या सावलीत पसरायच्या, गाद्या अंगणात टाकायच्या, पुस्तकं झटकायची. त्याच उपसाउपशीत आजोबांची पेटी उघडली आणि हा अल्बम वर आला. तेरा पावसाळे त्यानं त्या पेटीत काढलेत.

पहिलं पान उलटताना चर्र असा आवाज झाला. डिंक सुटल्याचा आवाज. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना तो बरोबर ओळखू येतो, आणि पोटात गोळाच येतो.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली तारखांची एक उभी रांग आहे. दर वर्षाची एक तारीख. मला वाटलं, तिकिटं विकत घेतल्याच्या तारखा असतील.

(पडद्यावर: अल्बमची पानं. भिंगाखाली एकेक तिकीट.)

आजोबा शाळामास्तर. तिकिटांवर पैसे खर्च करण्यातले नव्हेत. आली ती पाकिटांवरून, ओळखीच्या पोस्टमनकडून, आणि शाळेतल्या मुलांशी अदलाबदल करून. आम्ही नातवंडं नकाशाच्या आधी देश शिकलो ते या पानांवर. मग्यार म्हणजे हंगेरी, हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड. देशाचं नावच नाही, नुसतं राणीचं डोकं, ते इंग्लंडचं. १८४० साली जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट त्यांनी काढलं, त्यामुळे नाव न छापण्याची ती ऐट अजून चालू आहे.

मधली दोन पानं चकचकीत: घोडे, फुलपाखरं, अग्निबाण. अजमान, फुजैरा अशा आखाती अमिरातींच्या नावानं साठ-सत्तरच्या दशकात अशी तिकिटं ढिगानं छापली गेली, ती मुख्यतः जमवणाऱ्यांना विकायला. पत्रावर चिकटण्याचं भाग्य त्यातल्या फारच थोड्यांना लाभलं. जाणकार त्यांना नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. आठव्या वर्षी मला त्या अग्निबाणापुढे राणीचं डोकं फिकं वाटायचं.

(पडद्यावर: अल्बम पाहायला जमलेले घरातले लोक.)

घरात जुना अल्बम निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती येतील याचे?" खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काही येत नाहीत. कोट्यांनी छापलेलं तिकीट पन्नास वर्षं जुनं झालं म्हणून दुर्मीळ होत नाही.

दुर्मीळ कशाला म्हणतात ते पाहायचं, तर १५ ऑगस्ट १९४८ ला जावं लागेल. गांधीजींच्या स्मरणार्थ त्या दिवशी चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छापली स्वित्झर्लंडमध्ये, कुर्वोझिए यांच्या छापखान्यात. ज्या माणसानं हातानं सूत कातलं, त्याची तिकिटं परदेशात छापून आणली यावर बोलणारे आजही बोलतात. तिकिटावर देवनागरीत आणि उर्दूत 'बापू' असं लिहिलंय. यातल्या दहा रुपयांच्या फक्त शंभर तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी 'सर्व्हिस' असा शब्द वर छापला होता. त्यातली चार, एकमेकांना जोडलेली, २०१७ साली पाच लाख पौंडांना गेली.

आमच्या अल्बममध्ये दीड आण्याचं आहे. एका कोपऱ्याचा दाता तुटलेलं.

(पडद्यावर: मासिकातलं एका गोल लाल तिकिटाचं चित्र.)

हे कात्रण आजोबांनी शेवटच्या पानावर लावलंय. आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, 'सिंध डाक'. निघालं १ जुलै १८५२ ला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि तिथले कमिशनर होते बार्टल फ्रिअर. हेच पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि फोर्टची तटबंदी पडली ती त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांचं अर्ध्या आण्याचं तिकीट गोल होतं, आणि पहिली आवृत्ती चक्क लाखेच्या पातळ लाल चकतीवर उठवलेली. टपालाच्या थैलीत लाख टिकायची कशी? चकत्या तडकल्या, भुगा झाला. मग त्यांनी पांढऱ्या कागदावर ठसा उठवला, त्यानंतर निळ्या रंगात. १८५४ च्या ऑक्टोबरात सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटं आली आणि सिंध डाक बंद पडली. लाल लाखेचं धड तिकीट आज फारच विरळ.

म्हणजे आपल्याकडे तिकीट जपण्याची पंचाईत पहिल्या तिकिटापासूनची आहे.

(पडद्यावर: स्वयंपाकघरातलं टेबल. चिमटा, भिंग, टीपकागद, जेवणाचा प्लास्टिकचा डबा.)

आता या पानाकडे बघा. दोन तिकिटं एकमेकांना तोंडानं चिकटलीत. वरच्याची फक्त पाठ दिसते. नखानं सोडवायला गेलात तर दोन्ही जातील.

उपाय स्वयंपाकघरातलाच. डब्याच्या तळाला ओला, घट्ट पिळलेला स्पंज. त्यावर चहाची गाळणी पालथी, म्हणजे तिकिटाला पाणी लागायला नको. गाळणीवर ती जोडी, आणि झाकण बंद. आतल्या दमट हवेनं डिंक हळूहळू मऊ होतो. ज्या ओलीनं तिकिटं चिकटली, तिच्याचकडून ती सोडवून घ्यायची. दर अर्ध्या-पाऊण तासानं झाकण उघडून चिमट्यानं कोपरा चाचपायचा. उठत नसेल तर पुन्हा झाकण. यात मूळ डिंक बिघडतो, म्हणून कोऱ्या तिकिटाला हा प्रयोग करताना दहादा विचार करावा. शिक्का मारलेल्याला डिंकाशी काय देणंघेणं?

चिमटा का, तर बोटांना घाम असतो, तेल असतं. बोटाचा ठसा आज दिसत नाही, दहा वर्षांनी तपकिरी होऊन वर येतो. आजोबांचा चिमटा भुवया काढायच्या चिमट्यापेक्षा वेगळा, टोकं चपटी आणि गुळगुळीत. भुवयांचा वापरलात तर कागदाला दात लागतात.

(पडद्यावर: डबा तसाच. शेजारी जुन्या पाकिटांचा गठ्ठा.)

डबा आपलं काम करतोय, तोवर हा गठ्ठा. पाकिटावरचं तिकीट सुटं करायचं तर भोवतीचा कागद ठेवून कापायचं आणि साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं टाकायचं. ओढायचं नाही, ते आपणच सुटतं. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या वाटीत, नाहीतर लग्नपत्रिकेचा लाल रंग सगळ्यांना लागतो. मग टीपकागदावर पालथं वाळवायचं, आणि रात्रभर जाड शब्दकोशाखाली. हल्ली काही देशांची स्टिकरसारखी तिकिटं पाण्यात सुटतच नाहीत, ती कागदासकटच ठेवावी.

पण हे पाकीट मी पाण्याजवळही नेणार नाही.

(पडद्यावर: १९७२ चं पाकीट, जवळून.)

पुण्याहून रत्नागिरीला आलेलं घरगुती पत्र. नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जास्तीचं. कुटुंबनियोजनाचं रोजच्या वापरातलं तिकीट, आणि त्यावर काळ्या शाईत वर छापलेले शब्द: शरणार्थी सहायता, रेफ्युजी रिलीफ. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसला. वेगळं तिकीट १ डिसेंबरला आलं, तोवर हाताशी असलेल्या तिकिटांवर हे शब्द छापून वेळ भागवली. काही शहरांत तर पोस्टानं तिथल्या तिथे शिक्के मारले, म्हणून अक्षरांची वळणं वेगवेगळी. १९७३ च्या मार्चअखेर हा कर उठला.

हे तिकीट सुटं केलं तर बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. पाकिटावर मात्र तारखेचा शिक्का आहे, दोन गावं आहेत, आणि आत आत्येनं लिहिलंय की घासलेट मिळेना. युद्ध, निर्वासित आणि घासलेट एकाच पाकिटात. लहानपणी कात्री घेऊन अशी किती पाकिटं मी कापली असतील, देव जाणे.

(पडद्यावर: तिकिटाच्या दात्यांवर तपकिरी ठिपके.)

हा मुख्य शत्रू. जमवणारे याला गंज म्हणतात, बहुतेकदा असते बुरशी. सुरुवात दात्यांच्या टोकांपासून. एकाला लागली की शेजारच्यावर जाते, म्हणून असं तिकीट आधी बाजूला काढून बटर पेपरच्या पाकिटात एकटं ठेवायचं. डाग घालवायचे घरगुती रासायनिक उपाय लोक सांगतात. मी करत नाही. डाग असलेलं तिकीट निदान तिकीट असतं.

बाकी नियम थोडे. अल्बम उभा ठेवायचा. आडवा ठेवून वर ओझं घातलं की पानं चिकटतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, भर पावसाळ्यात ती भिंत पाझरते. सिलिका जेलची पुडी ठेवावी, पण रंग बदलला की ती सुकवून घ्यावी, नाहीतर ती नुसती सोबत करते. वास येणारे मऊ प्लास्टिकचे खिसे टाळावेत. सेलोटेप लावणाऱ्याला तर शिक्षाच हवी. आमच्या घरातला गुन्हेगार अजून हयात आहे, म्हणून नाव घेत नाही. डांबरगोळ्यांनी कसर पळते, पण वास कागदात मुरून बसतो. २००६ साली टपाल खात्यानं चंदनाचा वास असलेलं तिकीट काढलं होतं. आमच्याकडच्याला डांबरगोळीचा वास येतो.

(पडद्यावर: डब्याचं झाकण उघडतं. चिमटा.)

साडेतीन तास झाले. कोपरा उठला. आता सावकाश.

सुटली. खाली महर्षी कर्वे. १८ एप्रिल १९५८, अण्णांना शंभर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशीचं तिकीट. स्वतंत्र भारतात हयातीत तिकिटावर आलेले ते पहिले. गालावर थोडा कागद सोलला गेलाय. वरचं होतं हंगेरीचं, एक घोडा. त्याला काही झालेलं नाही.

(पडद्यावर: पुठ्ठ्याची आतली बाजू. तारखांची रांग.)

या तारखा आता नीट वाचल्या. १४ ऑक्टोबर. २० ऑक्टोबर. ७ ऑक्टोबर. एकही तारीख पावसाळ्यातली नाही. तिकिटं घेतल्याच्या या तारखा नाहीतच. पाऊस गेल्यावर, हवा कोरडी झाली की, आजोबा दर वर्षी अल्बम उघडायचे, पान न् पान वाऱ्याला लावायचे आणि तारीख टाकायचे. रांग तेरा वर्षांपूर्वी थांबली आहे.

खाली जागा आहे. आजची तारीख पेन्सिलीनंच घालतोय. शाई दमट हवेत समोरच्या पानाला लागते.