शेवटच्या बाकावरून दिसणारा वर्ग

नमस्कार, श्रोतेहो.

सुट्टी संपायच्या आत वर्ग सजवून ठेवायचा, हे कितीतरी वर्षं मी माझं हक्काचं काम मानत होते. रंगीत तक्ते, कागदी फुलं, पताका, सुविचार. पहिल्या दिवशी मुलं आत आली की त्यांचे डोळे मोठे व्हायचे आणि मला भरून पावायचं. आठवड्याभरानंतर मात्र त्या भिंतींकडे कोणी मान वर करून बघत नसे.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत रोज अर्धवट वाक्यं दिसायला लागली. लक्ष नसतं, असं समजून मी तिला दटावलं. ती हळूच म्हणाली, "बाई, दुसऱ्या तासाला फळा चमकतो. त्या बाजूचं काही दिसत नाही." मी तिच्या जागेवर जाऊन बसले. उन्हाच्या तिरिपीनं फळ्याचा एक भाग पांढराफटक झाला होता. खिडकीला मी पताका लावल्या होत्या, पडदा नव्हता. त्या मुलीला ओरडल्याचं मला अजून वाईट वाटतं.

श्रोतेहो, वर्गाची खोली मुलांइतकी कोणाला माहीत असते? शिक्षक उभा असतो फळ्यापाशी. पंख्याचा वारा कुठे पोचत नाही, कुठला बाक डुगडुगतो, कुठे आवाज ऐकू येत नाही, हे तिथे तासन् तास बसणाऱ्याला कळतं. तरीही खोलीत काही बदल करायचा म्हटला, की त्यालाच आपण विचारत नाही.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं, तेव्हा मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं आणि खुर्च्या करून घेतल्या. मुलं त्या पाडतील, आवाज होईल, असं लोक म्हणत. माँटेसरींचं म्हणणं असं, की खुर्ची पडली तर मुलाला स्वतःची चूक कळेल आणि पुढच्या वेळी ते जपून चालेल. जमिनीला खिळलेल्या बाकावर बसून ते कसं शिकणार? पुढे इटलीतल्याच रेज्जो एमिलिया शहरातल्या बालशाळांनी परिसराला 'तिसरा शिक्षक' म्हटलं, म्हणजे माणसांसारखी खोलीही मुलांना शिकवत असते.

आता माझ्या पताकांबद्दल. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे तक्त्यांनी भरलेल्या खोलीत शिकवले आणि काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. मोकळ्या खोलीत शिकलेल्या धड्यांवरचे सरासरी ५५ टक्के प्रश्न मुलांना बरोबर आले, भरलेल्या खोलीतले ४२ टक्के. चोवीस मुलं म्हणजे फार नव्हेत, त्यावरून भिंती उघड्याबोडक्या कराव्यात असं मी म्हणणार नाही. पण इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाच्या अभ्यासातही २०१५ साली असंच काहीसं दिसलं. त्यात १५३ वर्ग पाहिले होते. उजेड, हवा, तापमान यांचा शिकण्यावर मोठा परिणाम होता. भिंती फार गजबजलेल्याही नकोत आणि अगदी रिकाम्याही नकोत, असं आढळलं. आणि हा वर्ग आपला आहे, असं मुलांना वाटणं, हीसुद्धा महत्त्वाची बाब ठरली.

हे 'आपलं वाटणं' तक्ते टांगून येत नाही. मुलांच्या सहभागाचा अभ्यास करणारे संशोधक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. त्यातल्या एका पायरीचं नावच 'सजावट' आहे, म्हणजे मोठ्यांच्या कार्यक्रमात मुलं शोभेपुरती. भिंतीचा रंग आपण आधीच ठरवायचा आणि मग "निळा आवडेल ना रे?" असं विचारायचं, हेही त्या खालच्या पायऱ्यांवरचंच.

मग मी काय केलं, ते सांगते. आधी मुलांना काही सुचवायला सांगितलंच नाही. आठवडाभर प्रत्येकानं रोज वेगळ्या जागेवर बसायचं आणि काय दिसलं, काय ऐकू आलं, ते चिठ्ठीवर बिननावाचं लिहायचं. बिननावाचं अशासाठी, की नाहीतर चार बोलकी मुलंच सगळं ठरवतात. चिठ्ठ्या वाचताना मला कितीदा थांबावं लागलं! एकीत लिहिलं होतं, "दप्तरं वाटेत असतात. कुबड्या घेऊन चालता येत नाही." तो मुलगा वर्षभर त्याच वाटेनं येत होता.

मग मुलांनी टेप घेऊन खोली मोजली. चौकटीच्या कागदावर नकाशा काढला, बाकांचे तुकडे त्याच मापानं कापले आणि ते सरकवत बसली. प्रमाण हा धडा मी इतका सहज कधी शिकवला नव्हता. काही गोष्टींना मला नाही म्हणावं लागलं. दारासमोर कपाट चालणार नव्हतं, कारण आग लागली तर बाहेर कसं पडणार? कारण सांगितलं, तेव्हा कोणी रुसलं नाही. कारण न देता नाही म्हटलं असतं, तर पुढची सूचनाच आली नसती.

मुलांनी बाक गोलात मांडले. तीन आठवड्यांनी त्यांच्याच बैठकीत तक्रार आली की लिहिताना समोरच्याकडे लक्ष जातं. ठरलं असं, की लिहायच्या तासाला रांगा आणि चर्चेच्या तासाला गोल. बाक हलवायला सुरुवातीला दहा मिनिटं जायची. त्यांनी कामं वाटून घेतली आणि ती वेळ दोन मिनिटांवर आणली. दप्तरांसाठी मागच्या भिंतीला खुंट्या लागल्या. खिडकीला पडदा आला, साध्या जुन्या चादरीचा.

वर्ष संपलं, ती मुलं वरच्या वर्गात गेली. त्यांचा नकाशा इतका छान होता की तो तसाच ठेवावा, असं मला फार वाटलं. पडदा आणि खुंट्या ठेवल्या. बाकी सगळं काढलं, बाक भिंतीशी लावून ठेवले. नवी मुलं आत आली आणि म्हणाली, "बाई, बसायचं कुठे?" मी त्यांच्या हातात टेप दिला.