१५०० नाही, १४४०

(दृश्य: प्रयोगशाळा. इंडक्शन मोटरच्या शाफ्टवर फिरणारा ब्रेक ड्रम, त्यावर पट्टा, दोन्ही टोकांना स्प्रिंगचे काटे. ड्रममधून वाफ.)

निवेदन:
पट्टा आवळला की ड्रम तापतो. म्हणून आतल्या खोलगट कडेत पाणी ओतत राहायचं. हे पाणी ओतणारे हात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाचे आहेत आणि खोली इलेक्ट्रिकल विभागाची. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला यांची स्वतःची लॅब आहे. तिथं डिझेल इंजिनाला असाच ड्रम आहे आणि असेच काटे. दोन काट्यांतला फरक घ्यायचा, त्रिज्येनं गुणायचं, टॉर्क म्हणजे फिरवणारा जोर मिळाला. सूत्र तसूभरही बदलत नाही. इंजिनाच्या लॅबमध्ये ही मुलं एकमेकांना ढकलत पुढं उभी असतात. इथं कुठं उभी आहेत ते बघा.

(दृश्य: भिंतीला टेकलेली मुलं. मीटरपाशी दोघंच.)

निवेदन:
मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात हा विषय कुठं बेसिक इलेक्ट्रिकल म्हणून येतो, कुठं इलेक्ट्रिकल मशीन्स म्हणून. नाव काहीही असो, हॉस्टेलवर त्याचं एकच वर्णन ऐकू येतं: ‘काढायचा विषय’. म्हणजे नापास होऊन केटी लागू द्यायची नाही, एवढंच. जोडण्या लॅब असिस्टंट आधीच करून ठेवतात, रीडिंग गेल्या वर्षीच्या जर्नलमध्ये असतात आणि ओरलला विचारले जाणारे प्रश्न सगळ्यांना पाठ असतात. असिस्टंटना तरी काय म्हणणार? पंचवीस मुलं, एक मोटर आणि ४१५ व्होल्ट.

(दृश्य: मोटरची नेमप्लेट. बोट एकेका आकड्यावरून सरकतं.)

निवेदन:
३.७ किलोवॅट, म्हणजे ५ हॉर्सपॉवर. ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर, ५० हर्ट्झ. फ्रेम ११२. या ११२ वर मेकॅनिकलच्या मुलांनी हक्क सांगायला हवा, कारण ती पायथ्यापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची आहे, मिलिमीटरमध्ये. पुढचा आकडा १४४०, मिनिटाचे फेरे.

चार पोलची, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांची मोटर, ५० हर्ट्झची वीज. १२० गुणिले ५० भागिले ४, उत्तर १५००. स्टेटरमधलं, म्हणजे मोटरच्या स्थिर भागातलं चुंबकक्षेत्र मिनिटाला १५०० वेळा फिरतं, यात कसूर नाही. मग उरलेले ६० फेरे गेले कुठं? पुस्तकात याचं उत्तर ‘स्लिप ४ टक्के’ असं दिलेलं असतं, आणि मुलं ते तसंच लिहून येतात.

(दृश्य: ट्यूबलाइटखाली शाफ्टच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर चार काळे पाचरीसारखे पट्टे. मोटर सुरू होते.)

निवेदन:
ही चकती मुलांनीच कापली आहे. वरची ट्यूबलाइट जुन्या चोकची आहे आणि ती मुद्दाम काढलेली नाही. नव्या इलेक्ट्रॉनिक चोकवर हा खेळ जमत नाही. ५० हर्ट्झवर ही ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. चकती बरोबर १५०० नं फिरली, तर दोन उजेडांमध्ये ती पाव फेरा पुढं जाणार, एका काळ्या पट्ट्याच्या जागी दुसरा येणार आणि डोळ्याला सगळं जागच्या जागी थांबलेलं दिसणार.

थांबलंय का? नीट बघा. पट्टे हळूहळू मागं चाललेत. मोटर पुढं धावतेय, पट्टे उलटे सरकताहेत. आता ड्रमवरचा पट्टा आवळला. एका काट्यावर १२ किलो, दुसऱ्यावर २. मागं सरकण्याचा वेग वाढला.

(मूळ आवाज: “सात... आठ... नऊ!” “वेळ?” “पंधरा सेकंद!”)

निवेदन:
पंधरा सेकंदांत एक काळा पट्टा नऊ पूर्ण फेरे मागं गेला, म्हणजे मिनिटाला ३६. पंधराशेतून ३६ वजा, १४६४. आता फेरे मोजणारा टॅकोमीटर लावतील.

(दृश्य: टॅकोमीटरचा पडदा. मुलांचे चेहरे. पाच सेकंद निवेदन नाही.)

निवेदन:
रोटरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, बाहेरून एकही वायर येत नाही. त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या सळ्या ओतलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना कड्यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. फिरतं क्षेत्र या सळ्यांना ओलांडून जातं, म्हणून त्यांच्यात वीज उपजते आणि त्या विजेमुळं रोटर ओढला जातो. रोटरनं क्षेत्राला गाठलंच, तर सळ्यांना ओलांडणारं काही राहणार नाही. मग वीज नाही आणि टॉर्कही नाही. थोडं मागं राहणं हेच या यंत्राचं काम करण्याचं तंत्र आहे. जितका भार जास्त, तितकं ते मागं राहतं. १४४० वर चालताना रोटरमधली वीज ५० हर्ट्झची नसते, फक्त २ हर्ट्झची असते.

(दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. गल्ली, लेथचे आवाज. एका जुन्या शेडच्या तुळईवर गंजलेले ब्रॅकेट आणि एक पुली.)

निवेदन:
उद्यमनगरातल्या या शेडमध्ये मान वर केली तरच हे दिसतं. छताखालून एक लांब शाफ्ट जायचा. त्याला टोकाला एकच इंजिन किंवा एकच मोटर, आणि शाफ्टवरच्या पुल्यांवरून खाली प्रत्येक लेथला, ड्रिलला, शेपरला पट्टे. एक पट्टा तुटला की एक मशीन बंद, इंजिन थांबलं की अख्खं दुकान बंद. वाफेच्या काळापासून कारखाने असेच चालत. मुंबईच्या गिरण्यांना १९१५ साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत मिळायला लागली, आणि वाफेच्या इंजिनाची जागा विजेनं घ्यायला सुरुवात केली.

पण शाफ्ट आणि पट्टे खरे हटले ते मोटर लहान आणि दणकट झाल्यावर. फिरत्या चुंबकक्षेत्राची कल्पना इटलीत तुरिनच्या गॅलिलेओ फेरारिसनं आणि अमेरिकेत निकोला टेस्लानं १८८८ साली जगापुढं मांडली, दोघांनी स्वतंत्रपणे. पुढच्याच वर्षी जर्मनीत काम करणाऱ्या मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीनं तीन फेजची, सळ्या-कड्यांच्या पिंजऱ्याच्या रोटरची मोटर बनवली. ब्रश नाही, ठिणगी नाही. झिजणारं असं एकच, बेअरिंग. आज या गल्लीतल्या प्रत्येक लेथच्या पोटात तिचीच नात-पणती आहे. आणि बेअरिंग हा मेकॅनिकलचाच प्रांत ना?

(दृश्य: वर्ग. फळ्यावर एकाखाली एक दोन समीकरणं.)

निवेदन:
सर्किटचं भय मोटरपेक्षा मोठं. सरांनी फळ्यावर वर लिहिलेलं समीकरण या मुलांनी कंपनांच्या तासाला शंभरदा सोडवलंय: वस्तुमान, डॅम्पर, स्प्रिंग. खाली लिहिलेलं इंडक्टर, रेझिस्टर, कपॅसिटरचं आहे. अक्षरं बदलली, आकार तोच. इंडक्टर विद्युतप्रवाह एकदम बदलू देत नाही, जसं जड वस्तुमान वेग एकदम बदलू देत नाही. रेझिस्टर डॅम्परसारखा ऊर्जा उष्णतेत घालवतो. कपॅसिटर ती साठवतो आणि परत देतो, स्प्रिंगसारखी. रेझोनन्सचा आलेखही दोन्हीकडं तोच, एकच टेकाड. हे सांगायला सरांना वीस मिनिटं लागली. अभ्यासक्रमात या वीस मिनिटांसाठी जागा नाही, सरांनी ती स्वतःच्या तासातून काढली.

(दृश्य: रिवायंडिंगचं दुकान. दारात मोटरींची रांग, प्रत्येकीवर खडूनं गावाचं नाव. आत लाकडी टेबलावर उघडा स्टेटर.)

निवेदन:
उघडी मोटर बघायची तर लॅबमध्ये ती मिळत नाही. ती इथं मिळते. पंचगंगेच्या काठच्या गावांतून उन्हाळ्यात या दुकानात मोटरी ‘भरायला’, म्हणजे जळलेल्या कॉइल बदलून घ्यायला येतात. मिस्त्रींनी मुलांना जे पहिलं दाखवलं ते असं.

(दृश्य: स्टेटरचा जवळून शॉट. कॉइलचा एक गट कोळशासारखा काळा, शेजारचे दोन तांबूस आणि स्वच्छ, पुन्हा एक काळा.)

(मूळ आवाज, मिस्त्री: “ही मोटर जळली न्हाई, जाळलीया. बघा, हितं काळं, मग दोन चांगली, परत काळं. सगळीकडं सारखं काळं असतं तर म्हनलो असतो लोड जास्त झाला. ह्यो फेज गेलाय.”)

निवेदन:
नकाशा वाचावा तशी ते कॉइल वाचतात. तीन फेजपैकी एक डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशी उडाला, तर उभी मोटर सुरू होत नाही, नुसती घुमते. चालू मोटर मात्र थांबत नाही. ती भार ओढत राहते आणि उरलेल्या दोन वायरींतून जास्त करंट घेते. ही मोटर डेल्टात, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइल त्रिकोणात जोडलेली होती. डेल्टात एक लाइन तुटली की एका फेजच्या वाट्याला बाकी दोघांच्या दुप्पट करंट येतो. म्हणून तिसरा हिस्सा काळा आणि दोन हिस्से शाबूत. स्टारमध्ये, म्हणजे तिन्हींची एकेक टोकं एकत्र जोडलेली असती तर दोन फेज काळे आणि एक स्वच्छ निघाला असता. पुस्तकात हे दोन फेजर डायग्राममध्ये असतं, आणि तिथं ते फारसं कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

(दृश्य: छिन्नीनं कॉइलची एक बाजू तोडली जाते, दुसऱ्या बाजूनं पक्कडीनं तारेचा झुबका ओढून काढला जातो. कागदावर आकडे.)

निवेदन:
जुनी वायर फेकण्याआधी तिचा हिशोब घ्यायचा. स्लॉट, म्हणजे कॉइल बसायच्या खाचा, ३६. फेज तीन, पोल चार, म्हणजे दर पोलला दर फेजचे तीन स्लॉट. कॉइल कितव्या स्लॉटातून निघून कितव्यात जाते, एका कॉइलला किती टर्न, हे सगळं मिस्त्री पाकिटाच्या पाठीवर लिहितात. मग वायरचा गेज, म्हणजे जाडी. इथं एका मुलीनं न विचारता खिशातून मायक्रोमीटर काढला.

(दृश्य: मायक्रोमीटरच्या जबड्यात तार. ती मुलगी तार बाजूला घेते, पॉलिश पेपरनं इनॅमल घासते, पुन्हा मोजते.)

निवेदन:
पहिलं माप तिनं खोडलं, कारण त्यात इनॅमलची जाडी धरली गेली होती. घासल्यावर ०.९१ मिलिमीटर आलं. वीस गेज. मिस्त्रींनी त्यांच्या खाचांच्या गेज-चकतीवर तपासलं आणि मान हलवली. मायक्रोमीटर कसा धरायचा हे तिला इलेक्ट्रिकलच्या कुणी शिकवलेलं नव्हतं.

पुढचं काम बघत राहावं असं आहे. स्लॉट खरवडून साफ होतात, आत इन्सुलेशनचा कागद घडी घालून बसतो. हातानं फिरवायच्या यंत्रावर लाकडी साच्याभोवती कॉइल गुंडाळली जाते, बाजूचा काउंटर टर्न मोजतो. मग कॉइल स्लॉटात उतरवायची, एकदम नाही, चार-पाच तारा घेऊन, बांबूच्या गुळगुळीत कामटीनं दाबत. एका तारेचं इनॅमल सोललं तर सगळी मेहनत पाण्यात. दोन फेजच्या गटांमध्ये कागद, स्लॉटच्या तोंडावर पाचर, डोक्यावर दोऱ्याची बांधणी. शेवटी वार्निश आणि भट्टी. वार्निशच्या वासानं दोघं बाहेर जाऊन उभे राहिले.

(दृश्य: रोटर दोन्ही हातांनी आत सरकवतात. बेअरिंग, एंड कव्हर, बोल्ट आळीपाळीनं आवळले जातात.)

निवेदन:
रोटर आणि स्टेटरमधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी. बेअरिंग ६२०६, आतला व्यास ३० मिलिमीटर. बेअरिंग ढिलं झालं तर रोटर घासणार, आणि आताच भरलेली कॉइल पुन्हा जाणार. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं का आवळायचे, हे इथं मिस्त्रींना सांगावं लागलं नाही.

दरम्यान ज्या शेतकऱ्याची मोटर आहे, त्याच्या उसाला पाणी नाही. आणि कारखान्यात मेंटेनन्सला लागलेला मेकॅनिकलचा इंजिनिअर पॅनेलपाशी आला की हात मागं बांधून इलेक्ट्रिशियनची वाट बघतो, हेही आहेच.

(दृश्य: मेगरचा काटा. मग टेस्ट पॅनेलवर मोटर सुरू.)

निवेदन:
मेगरनं इन्सुलेशन तपासून झालं. मोटर सुरू झाली ती उलटी. लॅबमध्ये यावर एक प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचं उत्तरही. इथं प्रश्न कुणी विचारला नाही. एका मुलानं मेन बंद केला, टेस्टरनं तिन्ही टोकं बघून घेतली, कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली आणि बाजूला होऊन मिस्त्रींकडं बघितलं.

(मूळ आवाज, मिस्त्री: “चालू कर की, माझ्याकडं काय बघतोस!”)

(दृश्य: मोटर सरळ फिरते. दारात शेतकरी, हातात जुना स्टार्टर.)

निवेदन:
मिस्त्रींनी निरोप दिला होता, नुसती मोटर न्यायला येऊ नका, स्टार्टरही घेऊन या. झाकण उघडलं. आत करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले, त्यावर करंट ठरवायची छोटी चकती. मोटर ७.५ अँपिअरची, चकती १२ वर. सारखा ट्रिप होतोय म्हणून मागं कुणीतरी ती फिरवून ठेवली होती. फेज गेला, करंट चढला, रिले गप्प.

(मूळ आवाज, मुलगी: “काका, हा साडेसातावरच ठेवायचा. परत ट्रिप झाला तर चकती फिरवू नका, आधी तिन्ही फेज बघा.”)

(मूळ आवाज, शेतकरी: “आनि रात्री दोनला लाइट आली तर बघणार कोन?”)

(मूळ आवाज, मिस्त्री: “त्याला प्रिव्हेंटर मिळतोय. फेज गेला की आपसूक बंद करतोय.”)

(मूळ आवाज, शेतकरी: “मग त्यो बी घाला ह्यात. बिल मात्र एकच करा, आनि जरा बघून करा.”)