हातचा एक

ऐकलंत? खर्र, खर्र, खर्र, आणि मग टिंग. हे आमच्या आजोबांचं फॅसिट. स्वीडिश कंपनीचं आकडेमोडीचं मशीन, ना वीज ना सेल, बाजूला फक्त हँडल. आजोबा फोर्टात एका ऑफिसला अकाउंट्समध्ये होते, मशीन भंगारात निघालं तेव्हा त्यांनी मागून घेतलं, आणि मग गिरगावातल्या खोलीत माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलं.

समजा २७ गुणिले ४३ करायचंय. २७ दाबायचे, हँडल तीनदा फिरवायचं, एक घर सरकवायचं, चारदा फिरवायचं. ११६१. झालं. भागाकाराला हँडल उलटं, म्हणजे वजा करत जायचं, एक फेरा जास्त झाला की घंटी वाजते, मग एक फेरा सुलट फिरवून भरपाई. आजोबा म्हणायचे, घंटी वाजली की समजायचं, हाव झाली.

पण मला यात सगळ्यात भारी वाटतो तो हातचा. ९ मध्ये १ मिळवला की शून्य लिहा, हातचा एक. आपण दुसरीत बोट दुमडून धरायचो, पण लोखंडाला बोटं कुठून आणणार?

१६४२ च्या सुमारास फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल याच प्रश्नाला भिडला, जेमतेम १९ वर्षांचा पोरगा, वडील रूआँ शहरात कराचे हिशेब करून दमायचे म्हणून. त्याच्या मशीनमध्ये चाक पुढे सरकेल तसं एक छोटं वजन वर उचललं जातं, आणि नऊवरून शून्यावर आलं की ते धपकन पडतं आणि पडता पडता शेजारच्या चाकाला एक घर ढकलतं. हा झाला हातचा! बेरीज काय, नुसती चाकं फिरवूनही होते हो, खरी अक्कल इथे आहे.

पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज. मागावर नक्षी विणायला भोकं पाडलेली कार्डं लावायचे, तीच कार्डं हा आकडेमोडीला लावायला निघाला. ९९९९ मध्ये १ मिळवला तर हातचा एकेक घर करत पळणार, तेवढा वेळही त्याला खपेना, म्हणून सगळे हातचे आधीच ओळखून एकदम ढकलायची युक्ती काढली. कागदावर. ते मशीन काही त्याच्या हयातीत पुरं झालं नाही.

आता मुंबईत या. कलकत्त्याला १९५० च्या दशकात कॉम्प्युटर आला तो परदेशातून आणलेला. इकडे टीआयएफआर, म्हणजे आज कुलाब्याला नेव्हीनगरच्या टोकाला आहे ती टाटांच्या नावाची विज्ञान संशोधन संस्था, तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती, त्यांनी ठरवलं आपणच बनवायचा. आर. नरसिंहन आणि त्यांची टीम. आधी लहान मॉडेल, मग १९६० मध्ये पूर्ण मशीन, जवळपास २७०० व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे स्विचचं काम करणाऱ्या काचेच्या नळ्या, आणि मेमरी किती, तर २०४८ शब्द, म्हणजे एकेक आकडा मावेल अशी तेवढी घरं! १९६२ मध्ये नेहरूंच्या हस्ते नाव मिळालं, टिफ्रॅक. दोनच वर्षांत संस्थेत अमेरिकन सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅक मागे पडला, चालायचंच.

पण टिफ्रॅकमध्येही तेच बघा. आकडे दोनच, शून्य आणि एक. एक अधिक एक, शून्य, हातचा एक. चाक नाही, दाता नाही, फक्त विजेचा धक्का शेजारच्या घरात.

असो. फॅसिटवर मी ९९९९९ मांडलेत. आता एक मिळवतो. हेडफोन असतील तर लावा.